बाप जिवंत असताना काढलेली मिशी

दुष्काळात आमची म्हैस विकून झाली होती, आणि भावाची पोरगी फाटक्या ओठाची जन्मली. तिला आईचं दूध ओढता येईना. डॉक्टरनं पुण्याला न्यायला सांगितलं, पण माझी आई पोटातल्या पोरीला ग्रहण लागलं असं धरून अडून बसली, "गिराणाचं हाय, सुरी लावायची न्हाई." मी घराण्यातला पहिला बी.ए. तासभर उभं राहून तिला विज्ञान सांगितलं. ती म्हणाली, "घसा सुकला आसंल, पण पाणी मागू नको. टँकर उद्या हाय."

नोकरी नव्हती, म्हणून दूध सोसायटीत पेपर वाचायला जायचो. तिथला दुधाचं माप घालणारा लिंबागणेश गावाकडचा. बोलण्याआधी बोट मिशीवर फिरवायचा, मग "हां, तर बी.ए. साहेब" म्हणायचा. त्या झुपकेदार मिशीचा मला हेवा वाटे. माझी डिग्रीनंतरही नीट उगवली नव्हती. पोरीचं सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिशी सफाचट करून आमच्या दारात उभा!

आई दचकली. "आरं, बाप गेला का काय तुझा?"

"म्हातारा ठणठणीत हाय, काकू. हे बगा." वरच्या ओठावर टाक्यांची रेघ होती. "मी बी गिराणातलाच. लहानपणी शिवून आणला."

आईनं त्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं.

पुण्याला पोरीचं ऑपरेशन झालं. आता ती अंगावर पिते.