गेटवरचा खोकला

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. वीस मार्कांचा विषय, पण थाट शंभर मार्कांचा. मूलभूत हक्क मला क्रमाने पाठ होते आणि त्यातला एकही मी तोवर वापरलेला नव्हता. नवऱ्याला विचारल्याशिवाय साधा कुकर बदलला नव्हता मी. पण वर्गात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उच्चारताना माझी मान अशी काही ताठ व्हायची, की मागच्या बाकावरची मुलं नक्कल करायची. चांगली करायची. एकदा दाराआडून पाहिली आहे मी.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही नेरूळला, शिरवण्याच्या अंगाला, एका नव्या चार मजली इमारतीत राहत होतो. तळमजल्यावर एक कोकणी मुसलमान कुटुंब होतं, मूळचं रायगडच्या किनाऱ्यावरचं. नवरा-बायको दोघंच. त्यांचा मसाल्याच्या घाऊक बाजारात गाळा होता. त्या घरातल्या बाईंना सगळी बिल्डिंग भाभी म्हणायची, आणि त्या मला बाई म्हणायच्या. गावातली मावशी गेटपाशी मासळीची टोपली उतरवायची तेव्हा माझे बोंबीलही भाभीच निवडायच्या. ताजं-शिळं मला कळायचं नाही. हक्क कळायचे.

त्या हिवाळ्यात खाडीपलीकडे मुंबई दंगलींनी पेटली. आमच्याकडे काही जळलं नाही. फक्त लोक जिन्यात हळू बोलायला लागले. मग एका सकाळी भोंगा लावलेली जीप सेक्टरभर फिरली. जमावबंदी आहे, पाच किंवा पाचाहून अधिक माणसांनी एकत्र जमू नये. त्या संध्याकाळपासून आमच्या गेटशी एक हवालदार येऊन बसू लागला, तो सकाळपर्यंत. साताऱ्याकडचा, वयस्कर, छातीत जुना खोकला. भाभींनी त्याला आपली प्लास्टिकची खुर्ची दिली.

नेमकी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागलेला, गुरुवारी संध्याकाळी ओटी भरायची ठरलेली. ओटीला सवाष्णी पाच. त्या पाच, मी सहावी आणि पोटुशी एक, सात. आतल्या जिवाला धरलं तर आठ. मी घरात जाहीर केलं, “आपण बेकायदेशीर आहोत.”

“ते काय घरात येऊन मोजणार आहेत?” हे म्हणाले.

“प्रश्न मोजण्याचा नाही, तत्त्वाचा आहे.”

मी तत्त्व म्हटलं की हे पेपर उघडायचे. त्यांनी पेपर उघडला. मी साडी बदलून खाली गेले.

“शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा मला हक्क आहे,” मी हवालदाराला म्हणाले. अगदी पुस्तकातलं वाक्य.

तो बिचारा खुर्चीतून उठला. “मग आडवलंय कुनी?”

“तुमच्या आदेशाने. माझ्या मुलीची ओटी आहे. पाच बायका येणार.”

“हत्यारं?”

“नारळ.”

तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. मग डोळे पुसत म्हणाला, “घरात पाच आना न्हाईतर पन्नास आना, बाई. हे रस्त्यापुरतं हाय. फकस्त घोळक्यानं येऊ नका. दोघी-दोघी या.”

म्हणजे नागरिकशास्त्राच्या बाईंना कायदाच कळला नव्हता. एखादी शहाणी असती तर घरी जाऊन कामाला लागली असती. मला राग आला. दोघी-दोघी या? माझ्या घरी कोणी कसं यायचं हे हा सांगणार? (मी रोज सकाळी प्रार्थनेला मुलांना हेच सांगायचे, दोघा-दोघांच्या रांगेत या, हे तेव्हा काही आठवलं नाही.)

बसले आणि अर्ज लिहिला. ‘आमच्या शांतताप्रिय इमारतीच्या दाराशी पोलीस बसवणे हा सुजाण नागरिकांचा अवमान असून’ अशी सुरुवात होती. पुढचं वाक्य तर पानभर चाललं होतं. वरच्या मजल्यांनी पटापट सह्या दिल्या. मी लवकर जावं म्हणून, असं आता वाटतं. शेवटी भाभींकडे गेले.

दार आधी साखळीएवढंच उघडलं, मग पूर्ण. भाभी गावी मराठी शाळेतच शिकलेल्या. चष्मा लावून त्यांनी अर्ज सगळा वाचला. मीसुद्धा नंतर तो कधी सगळा वाचला नाही.

“ही सही मी नाय करनार, बाई.”

“का? तुम्हाला आवडतं दाराशी पोलीस?”

“तो खोकतो ना.”

“तेच म्हणते मी! रात्रभर नुसता...”

“तसं नाय. तो खोकला की हे कूस बदलतात आनि झोपतात. मदी जरा वेळ आवाज नाय आला, की आमी दोगंही उठून बसतो.”

मला हे अपेक्षित नव्हतं. पण वादात मागे हटायची सवयही नव्हती. “म्हणजे पोलिसांवर तुमचा पूर्ण विश्वास आहे तर.”

भाभींनी स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्याकडे बोट केलं. “परवा दोगं आले होते. हा नाय, दुसरे. घरात कोन राहतं, पावना कोन आलाय, सगळं विचारलं. मग त्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बूट घालून आत आले, बाई. तो तांदूळ मी अजून शिजवला नाय.”

“मग नक्की काय हवंय तुम्हाला? पोलीस हवा, की नको?” अर्धवट उत्तर देणाऱ्या मुलाला विचारावं तशा सुरात मी विचारलं.

“गेटपाशी हवा. उंबऱ्याच्या आत नको. एवडं कटीन आहे काय ते?”

आमच्या पुस्तकात शासनाच्या मर्यादांवर अख्खा धडा होता. त्यात गेट नव्हतं, उंबरा नव्हता. पण माझे डोळे उघडले वगैरे काही झालं नाही हं. तळमजल्याची जागा रिकामी राहिली म्हणून माझा अर्ज अपुरा दिसत होता, आणि मला त्याचंच वाईट वाटत होतं. घडी करून तो पर्समध्ये टाकला. आता माझी नात वकिलीचं शिकते. सरकारने कुठवर यावं यावर आमचं जुंपलं की मी तिला भाभींचं वाक्य ऐकवते. ती म्हणते, “आजी, उंबऱ्याची व्याख्या काय?” मी म्हणते, तांदळाचा डबा.

गुरुवारी माझ्या सानपाड्याच्या मैत्रिणीचा निरोप आला, घरचे बाहेर पडू देत नाहीत. चारच सवाष्णी उरल्या. पाचवी म्हणून भाभींना बोलवायचं ठरवलं, आणि स्वतःच्या मोठ्या मनावर मी इतकी खूश झाले की जिना उतरताना छोटंसं भाषण तयार केलं. माणुसकी, शेजारधर्म, सगळं होतं त्यात. भाभींनी पहिल्या वाक्यालाच तोडलं.

“आमच्यात पन सातव्याला ओटी भरतात, बाई. हिरवी साडी आनली का पोरीला?”

बायका दोघी-दोघी आल्या. हवालदार गेटवरून मोठ्याने मोजत होता, “दोन! ह्या चार! आन् तळमजल्याच्या ह्या पाच!” मी त्याला शिऱ्याची बशी पाठवली. भाभींनी ओटीचे तांदूळ स्वतःच्या घरून आणले होते. ओंजळ भरताना मला हळूच म्हणाल्या, “हा नवा आहे. दुकानातनं आनला.” आणि मुलीच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, “बाळाला तेल मीच लावनार. दुसऱ्या बाईला सांगू नका.”

दुसऱ्या संध्याकाळी हवालदार आला तो जीपमध्ये बसूनच. तुर्भ्याला माणसं कमी पडत होती, त्याला तिकडे हलवलं होतं. “आता खुशाल जमा, बाई,” असं ओरडून तो गेला. खुर्ची गेटपाशी रिकामी राहिली. माझा अर्ज तर पर्समध्येच होता. आयुष्यात पहिल्यांदा सरकारने माझं ऐकलं होतं, तेही अर्ज न देता.

जेवणं झाली. मुलगी गॅलरीतून आत येत म्हणाली, “आई, भाभींकडचा दिवा चालूच आहे. रोज या वेळेला बंद असतो.”

मी भांडी तशीच ठेवली. “अहो, जरा गेटपाशी जाऊन बसा.”

“कशाला?”

“खोकायला.”

ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “आणि तत्त्व?”

“मफलर घ्या.”

हे गेले, खुर्चीत बसले आणि खोकले. वाचनालयात बसलेला माणूस खोकेल तसे. मी गॅलरीतून वाकून हळू आवाजात ओरडले, “जोरात!” मग जरा बरं जमलं. थोड्या वेळाने तळमजल्याचा दिवा बंद झाला. मला असा काही आनंद झाला म्हणता! सरकार हवंच कशाला, नागरिक पुरेसे आहेत. नववीच्या वर्गासमोर हे कोणत्या शब्दांत मांडायचं तेही मी झोपण्याआधी ठरवून टाकलं.

सकाळी भाभी दारात उभ्या होत्या. हातात किल्ली.

“भाऊंना सांगा, घशाला आराम द्या. लई मेहनत केली त्यांनी.”

“तुम्हाला कळलं?”

“पोलीस असा विचारून विचारून खोकत नाय, बाई.”

आम्ही दोघी हसलो. मी तर जास्तच. मग मला आठवलं. “पण दिवा तर बंद केलात की तुम्ही.”

“करनार काय? ते बिचारे थंडीत बसून होते. दिवा गेला तरच वर जाऊन झोपतील, म्हनून.” त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “गावाला जातो. चार दिवस. खुर्ची तितंच राहू द्या.”

रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. नातीला तेल दुसऱ्याच बाईने लावलं. उन्हाळ्यात टेम्पो घेऊन भाभींचे मिस्टर एकटे आले. ते सामान भरत होते आणि मी तांदळाच्या डब्याकडे बघायचं टाळत होते.

पण मला जास्त आठवते ती भाभी गेल्या त्या दिवसाची संध्याकाळ. जेवण झाल्यावर हे उठले आणि मफलर शोधायला लागले.

“आता कोणासाठी?” मी म्हणाले.

हे तरीही गेले. बराच वेळ त्या खुर्चीत बसून राहिले, आणि एकदाही खोकले नाहीत.