ठणठणीत उंदरांची काळजी

उंदरांबरोबर नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. डब्याच्या सुट्टीत आपोआप जमतात! सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होतो. शेतातले उंदीर जिवंत पकडायचे, थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यांना सोडून द्यायचं. त्यांच्यात व्हायरस फिरतो कसा, ते शोधायचं होतं.

*

धरमपेठेत खोली बघायला गेलो. घरमालकांनी विचारलं, "काम काय करता?"

"उंदरांचं रक्त तपासतो."

"आजारी असतात का?"

"छे! अंगात व्हायरस असूनही ठणठणीत असतात. तीच तर काळजी आहे!"

खोली मिळाली नाही.

*

पिंजरे लावायचे लक्ष्मणराव. शिक्षण चौथीपर्यंत. काही नरांच्याच रक्तात व्हायरसची खूण का सापडते, याचा आमच्या डॉक्टरबाई कित्येक महिने विचार करत होत्या. एकदा पिंजरा धुता धुता लक्ष्मणराव म्हणाले, "बाई, ज्याचा कान फाटला हाय, त्याचं रक्त पाहा. लय भांडते थो."

बाईंनी रजिस्टर उघडलं. बहुतेक सगळे फाटक्या कानाचेच! एकमेकांना चावून व्हायरस पसरवत होते. बाई उठल्या, आपली खुर्ची पुढे केली. "बसा लक्ष्मणराव. आणखी काय दिसतं तुम्हाला?"

"बाई, खुर्ची हालून राहिली!"

*

एकदा मलाच उंदीर चावला. चौथ्या दिवशी ताप भरला. बाई रोज घरी येऊन थर्मामीटर लावायच्या आणि आकडा रजिस्टरात लिहून निघून जायच्या. मी मनातून पार खचलो होतो. लक्ष्मणराव धीर द्यायचे, "घाबरू नको गा. तुह्या रक्तात निघालं, तं बाईचं नाव विलायतेत छापून येईन!"

ताप साधा निघाला. लक्ष्मणराव जरा हिरमुसले, असा मला अजून संशय आहे.

*

काटोल रस्त्यावरच्या एका शेतात आम्ही रक्त घेऊन उंदीर सोडत होतो. शेताची मालकीण गंगाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "माही ज्वारी खाल्ली त्याहीनं. सोडून काहून राहिले गा?"

"त्याहीचा आजार पाहून राहिलो, माय," लक्ष्मणराव म्हणाले.

तिनं आमच्या जीपकडे पाहिलं. मग म्हणाली, "उंदराचा आजार पाहाले नागपूरवरून गाडी आली. माही पोरगी पाच दिवसांपासून तापानं पडून हाय, तिले पाहाले कोणी नाही आलं."

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. जीपमधले पिंजरे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरवले, पोरीला बाईंनी मांडीवर घेतलं आणि आम्ही दवाखाना गाठला. न्यूमोनिया होता. दहा दिवसांनी पोरगी घरी गेली.

पुढच्या महिन्यात जीप थांबली, तर गंगाबाई धुऱ्यावर उभी. हातात तोंडाला फडकं बांधलेलं मडकं. आत खुडबुड चालली होती.

"पोरगी खेळून राहिली," ती बाईंना म्हणाली. "हे घ्या. एकालेही मारलं नाही!"