भिमामावशीच्या म्हशीची डिग्री

भिमामावशीला गाव भांडकुदळ म्हणायचं. मी म्हणेन, तिला फक्त कुणाचं "असणारच" सहन होत नसे. कुणी म्हणालं, "ढग आलेत, पाऊस येणारच," की हिचं ठरलेलं, "येईल बहुतेक. आला म्हंजे खरं." शहाऐंशीच्या दुष्काळात हीच सवय कामी आली.

सास्तूरजवळचं आमचं गाव. दूध संस्था निघाली तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतून एकटी मावशी सभासद झाली. तिच्या घरचं दूध गावात कुणी दारात घेत नव्हतं. संस्थेच्या कॅनमध्ये मात्र सगळ्यांचं दूध एक व्हायचं. नवरा गेल्यावर तिचं घर एका म्हशीवर उभं होतं. संस्था सुटली की म्हैस विकून खडी फोडायला जायचं, दुसरं काही नव्हतं.

आणि नेमकी तिच्याच दुधाला डिग्री लागेना. दुधात सोडायची ती काचेची नळी, लॅक्टोमीटर, नको तितकी खाली बुडायची. नळी बुडाली की दुधात पाणी, हे गावात सगळ्यांना पाठ. एका सकाळी संस्थेतले बडे सभासद दगडोबा यांनी तिची चरवी हातानं बाजूला सारली.

"पाणी घातलंय. ह्यांचं नाव कमी करा."

"ह्यांचं" म्हणजे कुणाचं, ते आम्हाला बरोबर कळलं. माझं तर डोकंच फिरलं. मावशी मात्र सचिव शांतलिंगअण्णांकडे वळली.

"अण्णा, पाणी घातलं की नळी बुडती, कबूल. पण नळी बुडाली म्हंजे पाणीच, दुसरं काही असूच शकत न्हाय का?"

अण्णा माणूस सरळ. म्हणाले, "बहुतेक वेळा पाणीच असतंय, भिमाबाई."

"बहुतेकच ना? मग सांजच्याला माझ्या गोठ्यात या. तुमच्या म्होरं धार काढते."

संध्याकाळी अर्धं गाव वस्तीत. दगडोबांनीही यायचं टाळलं नाही, चोरी पकडायची होती ना! तोवर त्यांनी आमच्याकडे पाय ठेवला नव्हता. अण्णांनी चरवी उपडी करून पाहिली, आतून हात फिरवला. मावशीनं धार काढली. दूध निवेपर्यंत सगळे थांबले. मग अण्णांनी नळी सोडली.

नळी सकाळइतकीच बुडाली.

दगडोबा म्हणाले, "म्हशीला लई पाणी पाजलं असंल!"

"पाजलं असतं की! माणसाला घागर मिळना, म्हशीला पोटभर कुठलं आणू?" मावशी म्हणाली, आणि गोठा हसण्यानं दणाणला.

अण्णांनी म्हशीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. पेंड नाही, हिरवं नाही, नुसता वाळका कडबा. "उपाशी जनावराचं दूध हाय हे. सकाळी घेतलेला संशय मागं घेतो. भाव कमी मिळंल, पण नाव राहणार."

दगडोबा उसळले. "म्हंजे नियम मोडीत? उद्या सगळेच पाणी घालून म्हशीवर ढकलतील!"

"नियम हाय तसाच. डिग्री कमी लागली की आधी पाण्याचाच संशय. पण ज्याला कबूल न्हाय, त्याच्या गोठ्यात जायचं."

तो नियम अण्णांनी पाळलाही. पुढं गुलाब नावाच्या एका सभासदानं 'म्हैस उपाशी' हाच बहाणा केला. अण्णा गोठ्याकडे निघाले तसं त्याला एकदम आठवलं, बायकोनं चरवी विसळून तशीच वापरली होती.

त्या संध्याकाळी मात्र सगळी वरात परत संस्थेच्या दूध केंद्रावर गेली. दगडोबांच्या घरचं दूध आधीच कॅनमध्ये पडलं होतं. मावशीनं चरवी त्यांच्यापुढं धरली.

"दादा, सकाळी ज्या हातानं सारली, त्याच हातानं वता."

दगडोबांनी इकडंतिकडं पाहिलं. अण्णा कॅनचं झाकण धरून उभे होते. कुणीच मधे पडेना. शेवटी त्यांनी चरवी घेतली आणि आमच्या वस्तीचं दूध स्वतःच्या दुधात ओतलं.

"सावकाश," मावशी म्हणाली. "सांडू नका. चोख हाय."