कुंकवाचे तीन दिवस

ख्रिस्ती झालं की जिवाला विसावा मिळतो, असं मला बाप्तिस्म्याच्या आधी दहादा सांगून झालं होतं. मिळत असेल कुणाला. माझ्या पायाला भिंगरी होती ती तशीच राहिली. रविवारी पाळकसाहेब डोळे मिटून शांतीबद्दल बोलत, आणि मी बाकावर चुळबुळत पुढच्या बाईच्या अंबाड्याकडे बघत बसे. "बाई, देवाच्या पायाशी जरा टेका की," ते म्हणत. टेकते हो, पण कामं कोण तुमचा काका करणार? हे अर्थात मनातल्या मनात.

गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली तेव्हा मी गिरगावात मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. जो तो गाव गाठू लागला आणि शाळा ओस पडली. मग आम्ही दोघी-चौघी बायका रोज लालबाग-परळच्या चाळींतून कांजी घेऊन फिरू लागलो. लोक आमच्या कांजीपेक्षा इस्पितळात उचलून नेणाऱ्या तपासणीवाल्यांना जास्त भीत. आजारी माणसाला सरळ गोधड्यांच्या ढिगामागे लपवत.

अशाच एका खोलीत ती भेटली. मालवणकडची, गिरणीकामगाराची बायको. नवरा पोराला घेऊन आगबोटीनं गावी गेला होता, पोराला सोडून परत येतो म्हणून. काखेत गाठ, अंगात भाजून काढणारा ताप, ओठ फुटलेले. शेजारची म्हातारी नळाचा तांब्या भरून उंबऱ्याबाहेर ठेवी आणि तोंडाला पदर लावून पळे. तो तांब्या उचलून तिच्या तोंडाशी नेणारं कुणी नव्हतं. मी उचलला, तर मी मिशनची हे ओळखून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाटलेलीच्या हातचा पाणी माका नको."

मी समजावलं, हातापाया पडले. ती ढिम्म. मग माझं डोकं फिरलं. "मग मर तशीच!" म्हणाले, तांब्या आपटला आणि चालू लागले. मरणाच्या दारातल्या बाईला मी हे बोलले. वाटभर माझेच शब्द मला डसत होते.

ठाकूरद्वारला आल्यावर काय मनात आलं कोण जाणे, दुकानातून मी कुंकवाची पुडी घेतली.

मी ब्राह्मणाची बालविधवा. माझं कुंकू नवव्या वर्षी पुसलेलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीचं हिरवं लुगडं मागून नेसले, हातात काचेच्या बांगड्या चढवल्या, आरशासमोर उभी राहून कपाळाला बोट लावलं. खरं सांगू? मला ते छान दिसत होतं. येशूला नाकारायला निघाले होते आणि आरशापुढून पाय निघत नव्हता. त्याचंच पुढं जास्त लागलं.

"मी मराठ्याची, पलीकडच्या चाळीतली," मी तिला सांगितलं. तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग आ केला. अर्धा तांब्या घटाघटा प्याली. मला वाटलं, तापात भ्रमलीय, कालची मी तिच्या ध्यानात कुठली राहायला!

ती पुढं आठ दिवसांनी गेली. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगीच कुणी चमत्काराची वाट बघायला नको. पण पाण्यावाचून गेली नाही.

कुंकवाचा दुसरा दिवस रविवार. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा मी उपासना चुकवली. घंटा ऐकू आली तेव्हा पदर कपाळावर ओढून लगबगीनं चालत होते, चोरी करून निघाल्यासारखी. तिला पाणी पाजलं, अंग पुसलं, गाठीवर पोटीस बांधलं. ती "बाय गो" म्हणे आणि मी फडकं पिळायला वळे. प्रार्थनेला तोंड उघडेना. कोणत्या तोंडानं उघडणार? हिच्या चार दिवसांच्या तहानेपायी मी, ज्यानं मला जवळ केलं त्यालाच पुसून टाकलं होतं. आणि न पुसावं तर ही पाण्यावाचून तडफडणार. त्या खोलीत मी एकदाही खाली बसले नाही. येरझारा घालत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. मी वाकून तांब्या तिच्या ओठांना लावणार, तोच कपाळावरून लाल घामाचा ओघळ आला आणि डोळ्यात गेला. अशी आग झाली म्हणता! मी डोळा चोळू लागले. ती हसली. एवढ्या तापात हसली.

"मेण लावल्याशिवाय कुंकू रवता काय गो?"

कुंकवाखाली आधी मेण लावतात, हे कुठल्याही सवाशिणीला झोपेत विचारलं तरी सांगेल. नवव्या वर्षापासून मला कोण सांगायला बसलं होतं?

"माका पयल्याच दिसाक कळला," ती म्हणाली. "मेण नाय, आणि आवाज तोच. मर म्हणणारो."

"मग प्यालीस कशी?" माझा आवाज चिरका निघाला. "बाटलेलीच्या हातचं चाललं तुला?"

ती धापा टाकत म्हणाली, "तू माझ्यासाठी तुझो देव सोडलंस. मगे मी जात कित्याक धरून रवू?"

मला रडू कोसळलं. तोंडात पदर कोंबून रडले. "देव सोडला गं मी," म्हणाले. "आता त्याला काय सांगू?"

"सांग, पाणी पाजलंय," ती म्हणाली. जणू एवढ्याशा गोष्टीचा मी उगाच बाऊ करत होते. "आणि पूस ता. डोळ्यात जाता."

मी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं. उघड्या कपाळानं, ख्रिस्ती म्हणून, तांब्या पुढं केला. बाहेर म्हातारी उभी होती, बघत होती. म्हातारीच्या देखत ती प्याली.

मग मी तिच्या उशाशी खाली बसले, भिंतीला टेकले, आणि गिरणीचा भोंगा होईपर्यंत गाढ झोपले.