आधी एक खूर पुढे

मागच्या वर्षी शेठने आम्हा कारीगरांना बोलावून सांगितलं, की उधन्यातलं हे खातं बंद होणार. खातं म्हणजे माग चालतात ती जागा, इथे सुरतेत सगळे तसंच म्हणतात. जुने माग भंगारात जाणार होते आणि इच्छापोरला नवी मशीनं बसत होती. "तिकडे यायचं त्यांनी शनिवारपर्यंत सांगा," शेठ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बीतो नहीं, भाई." भिऊ नकोस म्हणे. माझा चेहराच असा आहे, की लोक न विचारता मला हे सांगतात.

मी सातवी अर्धी सोडून शेळ्यांमागे गेलो आणि सतराव्या वर्षी खानदेशातून सुरतेला आलो. माग सांभाळणं हे एकच काम मला येतं. नवी मशीनं म्हणे धागा तुटला की आपली आपण थांबतात, दिवा लावून जागाही दाखवतात. मग तिथे माझं काय काम? आणि नाही जमलं तर? मुलगी अकरावीला होती, सायन्सला. माझी रोजी गेली तर तिची शाळा माझ्यासारखीच मध्ये तुटेल, हीच धास्ती होती.

माझ्या गावाकडच्या सोबत्यांनी टपरीवर चहा निवायच्या आत ठरवून टाकलं, की पलीकडच्या जुन्या खात्यात सगळ्यांनी मिळून जायचं. एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी.

"याला विचारू नका रे," एक जण म्हणाला. "हा चप्पल घ्यायला तीन दुकानं फिरतो आणि जुनीच शिवून आणतो."

मीही हसलो. मान हलवणारच होतो, पण त्या माना बघताना मला आमच्या शेळ्या आठवल्या.

आमच्या कळपात एक कान फाटलेली म्हातारी शेळी होती. झुडपात सळसळ झाली की सगळ्या शेळ्या उधळायच्या. पहिली का पळाली हे दुसरीला ठाऊक नसायचं. दहातल्या नऊ वेळा वारा असायचा. लहानपणी मला त्या मूर्ख वाटायच्या. आता वाटत नाहीत. फुकट पळालं तर गवताचा एक घास जातो, आणि एकदाच पळायचं राहिलं तर शेळीच जाते. थांबून विचार करणाऱ्या शेळ्यांची पिल्लं मागे उरलीच नसतील. पण नाला ओलांडायचा असला की कान फाटकी वेगळं करायची. कडेला थांबायची, एक खूर दगडावर ठेवून जोर द्यायची आणि बाकीचे तीन पाय मागेच ठेवायची. दगड हलला तर खूर परत. मागच्या कितीही ढकलू देत.

त्या संध्याकाळी जेवताना मुलगी पुस्तकातलं सांगत होती. मेंदू काही एकदम बनला नाही, माशापासून माणसापर्यंत जुन्यातच भर पडत गेली, असं. मला ते पटकन समजलं, कारण आमची खोलीच तशी आहे. खाली दुसऱ्या एका खात्याचे माग, त्यावर नंतर चढवलेला मजला, त्यात आम्ही. वर बसून कितीही शांत विचार करा, खालची खडखड तळपायातून येतेच. तरी खाली माग होते म्हणून वर खोली उभी राहिली.

"मग खालचं बंद करता येतं का?" मी विचारलं.

"नाही, पप्पा. पण खालचं घाबरलं तरी वरच्याने पळण्याआधी थोडं थांबायचं."

बायको भाकरी थापता थापता आमच्या अहिराणीत म्हणाली, "इतला इचार कोनी करस का? जाईसन देखा. नही जमनं ते परत या."

झालं, हाच तो एक खूर. शनिवारी मी शेठला म्हणालो, "आठ दिवस काम करून बघतो, मग सांगतो."

"मशीन बघायला येतोस की मुलगी बघायला?" शेठ मोठ्याने हसला. पण हो म्हणाला. पलीकडच्या जुन्या खात्यातल्या माझ्या जागेवर तोवर दुसऱ्याला घेऊ द्यायचं नाही, हे सोबत्यांनी कबूल केलं. चपलेवरून मला हसणाऱ्या त्या चप्पलवाल्यानेच आधी. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. धागा तुटला, आणि माझा हात जुना माग थांबवायचा दांडा असायचा तिथे गेला. तिथे नुसती हवा होती. मशीन केव्हाच थांबलं होतं. दिवसभरात असं किती वेळा झालं, मोजलं नाही. शेजारचा कारीगर म्हणाला, "काका, माश्या मारताय का?"

पाचव्या दिवशी मी लाल बटण दाबून चालतं मशीन थांबवलं. दिवा लागला नव्हता. मेकॅनिक धावत आला. "क्यों रोका? लाइट कहाँ है?" हात आधी गेला होता, त्याचं कारण अजून सुचायचं होतं. त्याने कुरकुरत झाकण उघडलं. आत एक नट सैल झाला होता. तो निखळला असता तर मोठी मोडतोड होती. तेव्हा कुठे मला सांगता आलं, की ठोक्यात मघापासून एक बारीक खरखर येत होती.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी आणखी दोनदा बटण दाबलं आणि काहीच निघालं नाही. मेकॅनिकने कपाळावर हात मारला. मला मात्र लाज वाटली नाही. थोडं कापड उशिरा निघालं, म्हणजे गवताचा एक घासच गेला. मशीनला तुटलेला धागा कळतो. तुटणार आहे हे कानाला कळतं, आणि तो कान मी उधन्यातूनच आणला होता.

आठव्या दिवशी शेठला हो म्हणालो आणि सोबत्यांना जागा सोडल्याचं सांगितलं. मुलगी आता बारावीला आहे. भीती गेलेली नाही, रोज बसमध्ये सोबत असते. मीही तिला आता हाकलत नाही.

परवा चप्पलवाल्याचा फोन आला. त्यांचंही खातं बंद होतंय. "कसं आहे रे तिकडे? सगळे येऊ म्हणतात."

"सगळ्यांचं राहू दे," मी म्हणालो. "तू आधी एक दिवस येऊन बघ."

"एकच दिवस? तू तर आठ लावलेस."

"मग आठ लाव. शेठशी मी बोलतो."