धावपट्टीवरचा रविवारचा वर्ग

विमानात एकदाही न बसता सारं आयुष्य विमानातच काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शाळेत ड्रॉईंग शिकवीत असे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गावात भाताच्या गिरण्या होत्या, बिडीचे कारखाने होते, रेल्वे होती. त्यामुळे मॅट्रिक झालेल्या मुलापुढे पोती मोजणं, तिकिटं तपासणं आणि लग्न करणं असे तीनच मार्ग आहेत, यावर पालक, हेडमास्तर आणि मुलं यांचं एकमत होतं. हे ड्रॉईंगचे मास्तर चौथा सांगत. "देश विमानं बनवणार आहे. बनवायला माणसं लागतील. तयारी शाळेतच करावी लागते, नंतर उशीर होतो," हे ते इतक्या घाईनं म्हणत की उद्याच कोणी गोंदिया स्टेशनावर उतरून विमान-इंजिनिअरांची चौकशी करणार आहे असं वाटावं.

गावाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी होती. लढाई संपली, साहेब गेले, पट्टी उरली. तिच्यावर आसपासचे शेतकरी धान वाळवीत. दर रविवारी मास्तर सायकलीवरून तिथं जात आणि वाळत्या धानाच्या दोन पसाऱ्यांमध्ये मुलांना बसवून वर्ग घेत. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवी आणि भाड्याच्या खोलीत एकटा राही. आठवड्यात रविवार हा मला सगळ्यात लांब वार वाटे, म्हणून मीही मागोमाग जाई. मास्तरही एकटेच होते, पण ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नसे.

एकदा त्या पट्टीवर खरोखरच विमान उतरलं. कोणी मंत्री येणार होते. आदल्या दिवशी धान उचलवलं, कमान उभारली, भाषणं लिहून झाली, आणि शाळेतर्फे हार घालण्याचं काम, सर्वांत उंच म्हणून, मास्तरांकडे आलं. मंत्री शिडीवरून उतरले आणि मान किंचित वाकवून उभे राहिले. मास्तर त्यांच्या बाजूनं पुढे गेले, पंखाखाली घुसले आणि तिथं तेलकट कपड्यांत उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या गळ्यात त्यांनी हार घातला. मग विचारलं, "हे जोडणारा माणूस शाळेत काय शिकलेला असतो?" मेकॅनिक बिचारा गोंधळला. म्हणाला, "मास्टरजी, गणित पक्का होना, नक्शा पढ़ना आना, और हाथ काले करने में शरम नहीं होना." हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागवला. मास्तरांनी एका ओळीत दिला: 'हार योग्य व्यक्तीस घातला आहे.'

मेकॅनिकचं ते वाक्य मास्तरांचा अभ्यासक्रम झाला. गणित रोज पहाटे. नक्शा, म्हणजे यंत्राचं रेखाचित्र, वाचता यावा म्हणून प्रत्येक मुलानं घरातली एक वस्तू खोलायची, तिन्ही बाजूंनी तिचं चित्र काढायचं आणि ती पुन्हा जोडायची. गावातली बरीच कुलुपं त्या वर्षी उघडी राहिली. हात काळे व्हावेत म्हणून मुलांना आळीपाळीनं सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसवलं, तेव्हा एका व्यापाऱ्यानं शाळेत येऊन विचारलं, "क्यों मास्टरजी, फीस ले के पंक्चर सिखा रहे हो?" मास्तर आनंदानं म्हणाले, "हो, तुमचा मुलगा चांगलं काढतो."

पण त्यांचं खरं वैर वजनाशी होतं. विमानाला एक तोळासुद्धा फुकट नको, असं ते म्हणत आणि तसंच जगत. छत्रीची मूठ त्यांनी कापली होती, सायकलीचे मडगार्ड काढले होते, चहाच्या चमच्याला दांडा ठेवला नव्हता. ड्रॉईंगच्या वर्गातल्या स्टुलाला त्यांनी भोकं पाडली. ताकद तीच राहते, वजन कमी होतं, हे मुलांना दाखवायचं होतं. भोकं वाढत गेली आणि तपासणीच्या दिवशी त्यावर इन्स्पेक्टर बसले. सगळे त्यांना उचलायला धावले. मास्तरांनी तेवढ्यात वहीत नोंद केली: 'तुटण्याचा भार: एक इन्स्पेक्टर, अंदाजे अडीच मण.'

अशानं वर्ग टिकेना. अकरा मुलं होती ती पाच झाली, आणि एका पावसाळ्यानंतर बिरसीजवळच्याच एका शेतकऱ्याचा मुलगा तेवढा उरला. त्याचं नाव रेवाराम. तो फारसं बोलत नसे. त्या दिवसांत मास्तर मोठं विमान करीत होते: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आणि वरून तेंदूची पानं, कारण बिडीच्या गावात त्याहून हलकं आणि स्वस्त काही नव्हतं. पान ओलं असेल तेव्हा छान बसे. ऊन लागलं की पंखाची पुंगळी होई. दोन महिने मास्तर खळ बदलून पाहत होते. एका रविवारी रेवाराम जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, पान वाळलं का एकाच बाजूनं वळते. त्याच्यावर दुसरं आडवं लावलं तं? दोघं एकमेकाले ओढून धरतीन."

"वजन दुप्पट होईल."

"मंग जाड शिरा काढून टाकू. माय बिडीच्या पानाच्या काढते तशा."

मास्तरांनी एक पान हातात घेतलं आणि नखानं त्याची जाड शीर काढून पाहिली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं विमान बाजूला ठेवलं. या मुलाला बंगलोरला, विमानविद्या शिकवतात तिथं पोचवायचं, एवढं एकच काम त्यांना उरलं.

रेवारामच्या बापाकडे आम्ही दोघं गेलो. तो एकुलत्या पोराचा बाप होता. शेतीत कमी नव्हतं. "कायले पायजे विमान?" तो म्हणाला. "पट्टी आहे, धान वाळते, बस झालं." मी भारताची प्रगती वगैरे बोललो. त्यानं ते वारा जाऊ द्यावा तसं जाऊ दिलं आणि मास्तरांना विचारलं, "एक सांगा जी. हे शिकून पोट्टा परत येते का?"

मी मनात म्हणालो, हो म्हणा. मास्तरांनी आयुष्यात कुठलंही माप खोटं सांगितलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "इथं त्याला काम नाही."

आत रेवारामच्या आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. बाप म्हणाला, "दुसरा कोणी असता तं येईल म्हनला असता. तुमी खरं बोलून राहिले. न्या."

रेवाराम आधी नागपूरला गेला, तिथून इंटर होऊन बंगलोरला. त्याची पत्रं येत, आणि प्रत्येक पत्रात पानभर शंका असत. रविवारी बिरसीला बसून मास्तर त्या सोडवीत. इंग्रजी शब्द अडला तर मी. मग शंका अवघड झाल्या. मास्तरांनी पुस्तकं मागवली, उत्तराला पंधरा दिवस लागू लागले. शेवटी त्यांनी लिहिलं, 'हे मला येत नाही. प्रोफेसरांना विचार आणि उत्तर मला कळव.' उत्तरं आली. मास्तर ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेत आणि पाठ करीत. पुढे पत्रं विरळ झाली, आणि एका रविवारी उघडलेल्या पत्रात प्रकृती, हवा, मेसचं जेवण आणि नमस्कार एवढंच होतं.

मला राग आला. "विसरला तुम्हाला," मी म्हणालो.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "विसरला कसा?" ते म्हणाले. "एकही शंका नाही यात. म्हणजे तयारी झाली." मग ते धानाच्या पसाऱ्याकडे बघत बसले. पुढल्या रविवारी वर्ग आहे की नाही, हे त्या दिवशी प्रथमच त्यांनी सांगितलं नाही.

तो आठवडा मी वाचनालयात विमानांवरच्या पुस्तकांत घालवला. गणिताशी माझं शाळेपासूनच बोलणं बंद होतं. पण शनिवारपर्यंत, बऱ्याच खाडाखोडीनंतर, मला एक बऱ्यापैकी शंका काढता आली. ती कागदावर लिहून मी खिशात घातली, आणि रविवारी सकाळी मास्तरांच्या दाराशी जाऊन सायकलीची घंटी वाजवली.