भाषणातून मी गाळलेला तुरुंग

मित्रहो, लिहिल्याबद्दल तुरुंगवास भोगलेल्या लेखकांची स्मरणसभा आज सकाळी पारनेरच्या वाचनालयात झाली. मला माझ्या दिवंगत मित्राविषयी बोलायचे होते. आणीबाणीत आपल्या चार पानी साप्ताहिकात लोकशाहीची बाजू मांडली, म्हणून त्याला पकडून नेले होते.

भाषण मी नेहमीप्रमाणे लिहून नेले होते. त्यात एक वाक्य होते, "त्या काळात त्यांना काही महिने कुटुंबापासून दूर राहावे लागले."

पहिल्या रांगेतून त्याच्या पत्नीने मला तिथेच अडवले. "दूर? भावजी, ते काय कामाला गेल्ते व्हय? मंग दर म्हैन्याला एष्टीनं पुन्याच्या जेलात मी कुनाला भेटाया जात हुते?"

सभागृहात हशा पिकला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. "तुरुंग म्हना की. त्यांना न्हाई कधी लाज वाटली."

मी तो शब्द उच्चारला, भाषण पूर्ण केले, शाल स्वीकारली आणि घरी येऊन जेवलो. झाल्या प्रकाराचे अजूनही मला काहीच वाटत नाही.

मूळ मसुद्यात 'तुरुंगात' असेच लिहिले होते. तो शब्द खोडण्यास मला वाचनालयाने सांगितले नव्हते, पोलिसांनीही नाही. मीच तो खोडला, आणि वाक्य अधिक सभ्य झाले असे मानून समाधान पावलो.

सुटकेच्या बदल्यात माफीपत्र पुढे केले असता मित्राने सही नाकारली होती. माझ्यापुढे तर कोणी कागदही ठेवला नव्हता.

कोणीही न सांगता तुम्ही अलीकडे काय खोडले आहे?